सदाशिवरावांचा न दुखणारा गुडघा

बोरढवमध्ये सदाशिवरावांना कोणी भीत नसे, त्यांच्या तोंडाला मात्र सारा गाव भीत असे. राळेगाव तालुक्यातलं हे गाव. कापूस, तूर, सोयाबीन आणि चारचौघांची उणीदुणी, एवढंच इथलं पीक. पैकी शेवटच्या पिकात सदाशिवरावांचा हात धरणारा कोणी नव्हता. वर्षभर हा माणूस खाली मान घालून शेती करायचा. पण पोळ्याच्या दिवशी बैल सजून आखरावर, म्हणजे गावाबाहेर गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, तोरणाखाली उभे राहिले, की याच्या अंगात यायचं. पोळा फुटायच्या आधी आमच्याकडे झडत्या होतात. झडती म्हणजे चार ओळींचं यमक जुळवायचं, महादेवाच्या साक्षीनं गावातल्या कुणाची तरी सालटी काढायची आणि शेवटी ‘हर बोला’ म्हणायचं. मग सारा गाव ‘हर हर महादेव’ म्हणून गरजतो, आणि ज्याची सालटी निघाली त्यालाही गरजावंच लागतं. रागवायची सोय नाही.

बांधाला बांध लागून शेत असलेला उकंडा हा त्यांचा समोरच्या बाजूचा गडी. लांबच्या नात्यानं चुलतभाऊ, वयानं थोडा लहान, आणि तोंडानं तेवढाच तिखट. उकंडानं विहिरीवर नवी मोटर बसवली, त्या वर्षी सदाशिवराव तोरणाखाली कानावर हात ठेवून गरजले होते:

‘उकंडाच्या वावरात मोटर बसली नवी,
पाण्याच्या आधी निघते उकंडाची शिवी.
इहिरीतला बेडूक म्हणे बेडकीले,
चाल वं, राहू आपण पाटलाच्या इहिरीले! हर बोला!’

उकंडा स्वतः पोट धरून हसला होता आणि पुढच्या वर्षी त्यानं व्याजासकट परतफेड केली होती. असं दोघांचं वर्षानुवर्षं चालत आलेलं. लोक पुरणपोळी अर्धी टाकून यांच्या झडत्या ऐकायला धावायचे.

आणि अशा माणसानं ओळीनं दोन पोळे बुडवले. पहिल्या वर्षी म्हणे घसा बसला. दुसऱ्या वर्षी म्हणे व्याह्यांकडे जायचं होतं. आता सांगा, पोळ्याच्या दिवशी घरचे बैल सोडून व्याह्यांकडे कोण जातं? बैलही जात नाही.

खरी गोष्ट अशी होती, की सदाशिवरावांना पाच वर्षांमागे प्रोस्टेटचा कॅन्सर झाला होता. नागपूरला शेक घेतले, म्हणजे मशीनखाली झोपून ते किरण देतात ते. माणूस खडखडीत बरा झाला. इंदूबाईंनी कळंबच्या चिंतामणीला जाऊन नवस फेडला, गावभर पेढे वाटले. एवढं गावाला माहीत होतं. पण पेढे पचून वर्षं लोटल्यावर एका सकाळी लघवीत रक्त दिसलं. मग अधूनमधून दिसायला लागलं. मग रोज. कळ अशी यायची, की घरातून न्हाणीपर्यंत जाईस्तोवर धीर निघायचा नाही. तोरणाखाली दोन-तीन तास बैलाचा कासरा धरून उभं राहायचं, सारा गाव डोळे लावून बसलेला, आणि आडोशाला एक झुडूपसुद्धा नाही. कसा जाणार माणूस?

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून आतून पाहिलं आणि नीट समजावून सांगितलं. कॅन्सर परत आलेला नव्हता. शेकानं कॅन्सर मेला होता, पण लघवीच्या पिशवीच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्याही हळूहळू सुकल्या होत्या. ‘‘बाबा, वावरातले पाट बुजले की कडेचं पीक वाळते ना, तसं झालंय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पिशवीला रक्त पोचत नाही, म्हणून ती जखमी होते आणि रक्त जातं.’’

उपाय होता. एका काचेच्या नळीसारख्या पेटीत माणसाला निजवायचं, आत हवेचा दाब वाढवायचा आणि निव्वळ ऑक्सिजन द्यायचा. रोज दीडेक तास, असं जवळजवळ दोन महिने. त्यानं नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, बऱ्याच जणांचं रक्त थांबतं. सगळ्यांचंच थांबतं असं नाही, तेही बाईंनी सांगून टाकलं. आणि नाही थांबलं, वाढतच गेलं, तर कदाचित पिशवी काढून पोटाला बाहेरून थैली लावावी लागेल.

सदाशिवराव थैलीच्या नावानं पांढरेफटक पडले. मरणाला ते फारसे भ्याले नव्हते, कॅन्सरच्या वेळीही नाही. पण पोटाला थैली लावून आखरावर उभे सदाशिवराव, आणि समोर कानावर हात ठेवून उभा उकंडा! त्यांना तिथंच दवाखान्यात घाम फुटला. भीतीही कमाईचीच होती म्हणा. एका पोळ्याला यांनीच पोलीस पाटलाच्या मूळव्याधीवर झडती केली होती. तो बिचारा दिवाळीपर्यंत पारावर बसला नाही. बसता येत नव्हतं हा भाग वेगळा.

‘‘गावात कोणाले काही सांगू नको,’’ त्यांनी एसटीतच इंदूबाईंना बजावलं.

‘‘मंग दोन महिने नागपूरले काहून राहता, म्हणून इचारलं तं काय सांगू?’’

‘‘गुडघा म्हण.’’

‘‘कोणता?’’

‘‘कोणताबी म्हण वं! गुडघ्याले कोण इचारते, डावा का उजवा?’’

इंदूबाईंनी कपाळाला हात लावला. चाळीस वर्षं संसार केला होता, नवरा कुठं आपटणार हे त्यांना आधी कळायचं.

नागपूरला मुलाकडे, कपिलकडे, बिऱ्हाड हललं. नात खुशी कॉलेजात जायची, ती आजोबांना स्कूटीवर मागं बसवून दवाखान्यात सोडायची. पहिल्याच दिवशी पेटी चालवणारी गौरी नावाची पोरगी समोर आली आणि तिनं एकेक करून माणूस रिकामा करायला घेतला. घड्याळ काढा. मोबाईल काढा. खिशातली काडेपेटी काढा. सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी काढा, आणि आता खायचाही नाही. डोक्याला तेल लावलंय? उद्यापासून नाही. अत्तर, बाम, काही नाही. आत निव्वळ ऑक्सिजन, एक ठिणगी पडली तर भडका. आणि अंगावर कपडा फक्त शंभर टक्के सुती.

‘‘बस्स?’’ सदाशिवराव हसले. ‘‘पोरी, कापूस आमच्या घरचा हाये. तीन पिढ्या कापूसच पेरून राह्यलो. सुती मले नको शिकवू.’’

गौरीनं त्यांच्या सदऱ्याची कॉलर उलटवली आणि आतली चिठ्ठी वाचली. पॉलिस्टर. पँटही तीच. बनियन अर्धं. चड्डीचं तर बोलूच नका.

तिनं दवाखान्याचा सुती गाऊन दिला. तो मागून उघडा, दोन नाड्यांवर भरोसा. सदाशिवरावांनी तो हातात धरून पुढून पाहिला, मागून पाहिला आणि शांतपणे परत केला. घरचे कपडे चालतील, गौरी म्हणाली, पण सुती म्हणजे सुतीच. खुशीनं संध्याकाळी आजोबांची बॅग उपसली. एकही कपडा पास झाला नाही. जन्मभर ज्यानं गाड्यांनी कापूस विकला, त्याच्या अंगाला कापूस म्हणून लागला नव्हता. आणि हे काही एकट्याचं नाही हो. आमच्याकडे साऱ्या तालुक्याची हीच तऱ्हा. कापूस विकायचा आणि टेरिकॉट शिवायचं.

‘‘बाजारातून आणते ना आजोबा,’’ खुशी म्हणाली.

पण इंदूबाईंनी तोवर आपल्या ट्रंकेतून एक जुनं लुगडं काढलं होतं. सासूनं दिलेलं, खास सुती, मऊसूत, त्यावर बारीक जांभळी फुलं. त्यांनी ते मधोमध फाडलं आणि कपिलच्या शेजारणीच्या मशीनवर बसून रातोरात नवऱ्याला सदरा आणि पायजमा शिवला.

‘‘फुलं हायेत त्यावर,’’ सदाशिवराव म्हणाले.

‘‘मंग काय बैल काढून देऊ? घाला गुमान.’’

घातला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जांभळ्या फुलांचे सदाशिवराव काचेच्या नळीत आडवे झाले. गौरीनं सांगितलं, दाब वाढला की कान बंद झाल्यासारखे वाटतील, नाक चिमटीत धरून हळू फुंकायचं, आवंढा गिळायचा. घाट उतरणाऱ्या गाडीत होतं तसंच. ते जमलं. लघवी लागली तर आतच बाटली होती, कारण दाब असा एकदम सोडता येत नाही, हळूहळूच सोडावा लागतो. ते मात्र जमलं नाही. जमायला काय हरकत होती? पण पेटी काचेची. बाजूच्या खुर्चीवर गौरी, बाहेरच्या बाकावर चार माणसं. सदाशिवरावांनी पहिला दिवस दात-ओठ खाऊन काढला, आणि रात्री आपल्याच डोक्यानं एक तोड शोधली. इलाजाच्या आधी पाणीच प्यायचं नाही.

आता यात त्यांचा एकट्याचा दोष नाही. आमच्याकडची ही जुनी विद्या आहे. यवतमाळला जायचं तर पाणी पिऊ नये, लग्नाला जायचं तर पिऊ नये, एसटीत बसायचं तर मुळीच पिऊ नये. अर्धा जिल्हा कोरड्या घशानं प्रवास करतो. सदाशिवरावांनी तोच हिशेब पेटीला लावला. ‘भरपूर पाणी प्या’ असं डॉक्टरीणबाईंनी बजावून बजावून सांगितलं होतं, त्याला यांनी ‘हो बाई’ म्हटलं आणि घरी येऊन तांब्या पालथा घातला.

व्हायचं तेच झालं. पाणी कमी पडलं, आत रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि एका पहाटे लघवीच अडली. जीव नकोसा झाला. कपिलनं उचलून दवाखान्यात नेलं, तिथं नळी घालून गुठळ्या धुवून काढल्या, दोन दिवस ठेवून घेतलं. सदाशिवराव भिंतीकडे तोंड करून पडले होते. इंदूबाई पायाशी बसल्या होत्या. त्या एकदम बोलल्या.

‘‘लाजच वाटते ना तुमाले? मले सांगा, तुमची लाज माह्यापेक्षा मोठी हाये का? ती मोठी असंन तं तिच्यासंगंच राहा.’’

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सदाशिवरावांनी हात लांब करून तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायले. दुसऱ्या आठवड्यापासून पेटीत बाटलीही वापरली. गौरी त्या वेळी नेमकी खिडकीबाहेर पावसाकडे बघायची. बाहेर पाऊस असो नसो.

पण दीड तास आडवं पडून करायचं काय? मोबाईल नाही, खर्रा नाही, बोलायला कोणी नाही. मग सदाशिवराव झडत्या जुळवायला लागले. आधी मनात, मग हळू आवाजात, मग चांगल्या खणखणीत. दोन वर्षं बंद पडलेली गिरणी सुरू झाली.

‘काचेच्या नळीत कोंबला म्हातारा,
वरतून गौरीबाईचा कडक पहारा.
तेल नको, खर्रा नको, नको म्हणे घड्याळ,
लेक कोणाची होय हे, का सासूच खट्याळ! हर बोला!’

आणि बाहेरून उत्तर आलं, ‘‘हर हर महादेव!’’

सदाशिवराव दचकून उठायला गेले तर डोकं काचेला लागलं. आतल्या माणसाचं बोलणं बाहेर स्पीकरवर ऐकू येतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं होतं तेव्हा ते गाऊनकडे बघत होते. बाहेरच्या बाकावरची सगळी माणसं पोट धरून हसत होती, आणि सगळ्यात जोरात गौरी. तेव्हापासून त्यांच्या वेळेला बाकावर गर्दी व्हायला लागली. पायाच्या न भरणाऱ्या जखमेवाला एक मास्तर तर आपला नंबर झाल्यावरही थांबायचा.

एकदा पेटीतून बाहेर येताना गौरीनं विचारलं, ‘‘बाबा, सगळ्यांवर झडती करता. तुमच्या दुखण्यावर काहून नाही करत?’’

‘‘गुडघ्यावर कसली झडती वं?’’ सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं.

‘‘गुडघा?’’ गौरी बघतच राहिली. सदाशिवराव फुलांचा सदरा सावरत बाहेर सटकले.

कारण अधल्यामधल्या रविवारी ते गावी जाऊन येत होते आणि गावात पाऊल टाकलं की लंगडत होते. निंदण-खुरपण कसं चाललंय, बैल कसे आहेत, हे पाहायचं आणि एसटीत परत बसायचं. लंगडण्यात त्यांनी मोठी कला ओतली होती. एसटीतून उतरताना कण्हायचे, पाराजवळ थांबून गुडघ्यावरून हात फिरवायचे. बेबीबाई, म्हणजे उकंडाची बायको, दारातून बघायची आणि पदर सारखा करून आत जायची. उकंडा मात्र बांधावर उभा राहून नुसता बघायचा. हसायचाही नाही. तेव्हाच सदाशिवरावांना शंका यायला हवी होती.

इकडे नागपूरला रंग बदलत होता. गडद होता तो फिका झाला, फिका होता तो गुलाबी झाला, आणि श्रावण अर्धा सरता सरता एका सकाळी सदाशिवराव न्हाणीघरातून बाहेर आले ते थेट इंदूबाईंजवळ जाऊन उभे राहिले.

‘‘काय झालं?’’ त्यांनी घाबरून विचारलं.

‘‘पाण्यावानी हाये,’’ ते म्हणाले. ‘‘पाण्यावानी हाये वं इंदे.’’

दोघं तिथंच ओट्याला टेकून रडले. मग इंदूबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, उभे काय राहता, एक तांब्या पाणी प्या. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा आतून पाहिलं, पुष्कळ सुधारणा आहे म्हणाल्या. लक्ष ठेवावं लागेल, येत राहावं लागेल, पण थैलीची गोष्ट सध्या तरी काढायची नाही. उरलेल्या बैठका संपल्या आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी दोघं बोरढवला उतरले.

संध्याकाळी बैलांच्या खांद्याला हळद-तूप लावून शेकलं. नंद्या आणि पाखऱ्या, दोन्ही बैल मान लांबवून उभे होते. ‘‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या,’’ सदाशिवराव त्यांच्या कानात म्हणाले. दोन वर्षं हे आवतन त्यांनी चोरट्यासारखं दिलं होतं. या वर्षी आवाज मोकळा होता.

दुसऱ्या दिवशी आखर भरला. बैलांच्या शिंगांना बेगड, पाठीवर झुली. ट्रॅक्टर आल्यापासून जोड्या कमी झाल्या, पण माणसं तेवढीच. सदाशिवराव नंद्या-पाखऱ्याला घेऊन तोरणाखाली आले, तेव्हा एकच गलका झाला. दोन वर्षांचा उपास सुटणार होता. सदाशिवराव लंगडतच आले होते, आता मध्येच कसं सोडणार? आणि समोरून उकंडा पुढं झाला. त्यानं कानावर हात ठेवला.

‘डाव्या गुडघ्याचा भाऊ नागपूरले गेला,
उजव्या गुडघ्याचा होऊन एसटीतून आला.
गुडघा कोणता, दुखणं कोणतं, इचारते गाव,
खरं सांग सदाभाऊ, मंग तोरणाखाली धाव! हर बोला!’

‘‘हर हर महादेव!’’ सारा आखर फुटेस्तोवर हसला. सदाशिवरावांनी खाली पाहिलं. मागच्या खेपेला नागपूरला परतताना ते डावा पाय ओढत होते. काल एसटीतून उतरल्यापासून उजवा.

उत्तर तयार होतं. पेटीत पडल्या पडल्या उकंडावर त्यांनी तीन झडत्या घोटून ठेवल्या होत्या, एकाहून एक जहरी. एक टाकली असती की गुडघा झाकला गेला असता, गाव उकंडावर हसलं असतं आणि लंगडणं दिवाळीपर्यंत बरं करून टाकता आलं असतं. ते तोंड उघडणार तेवढ्यात बायकांच्या घोळक्यात उभ्या इंदूबाई दिसल्या. त्या हसत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या, त्या दिवशी दवाखान्यात पायाशी बसून पाहिलं होतं तशा. सदाशिवरावांनी त्या तिन्ही झडत्या गिळून टाकल्या.

त्यांनी कासरा पाठीमागच्या माणसाच्या हातात दिला. दोन्ही पायांवर ताठ चालत आखराच्या मधोमध आले. कानावर हात ठेवला.

‘गुडघे दोन्ही धड हायेत, लबाड माही वाणी,
रगत पडे लघवीत, तरी पेत नव्हतो पाणी.
बिमारीले नाही भ्यालो, भ्यालो मी गावाले,
बायकोचं लुगडं नेसून गेलतो हवा खायाले!’

‘हर बोला’ म्हणायचं राहून गेलं.

नंद्यानं मान हलवली तशी त्याच्या गळ्यातली घंटी वाजली, तेवढाच आवाज. हसावं की नाही, कोणाला कळेना. मग उकंडानंच स्वतःच्या तोंडानं म्हटलं, ‘‘हर बोला!’’ आणि जी गर्जना उठली, तशी बोरढवच्या पोळ्यात पूर्वी कधी उठली नव्हती. लुगड्यावर लोक हसले ते हसलेच, पोलीस पाटील तर डोळे पुसत हसला. त्याचा मोठा हिशेब चुकता झाला होता. पण त्या हसण्यात सदाशिवरावांना काही टोचलं नाही. दोन वर्षं ज्याला भ्यालो ते एवढंच होतं होय, असं वाटून त्यांना स्वतःचाच राग आला.

तोरण तुटलं, पोळा फुटला, आणि घोळका करून विचारणाऱ्या साऱ्यांना सदाशिवरावांनी काचेच्या नळीची हकीगत सांगून टाकली. मग रीतीप्रमाणे बैल घरोघरी ओवाळून घ्यायला निघाले. प्रत्येक दारात बायका बैलांचे पाय धुवायच्या, कुंकू लावायच्या, पुरणपोळी चारायच्या, आणि घरधनी बैलवाल्याच्या हातावर बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, ठेवायचा. फिरत फिरत सदाशिवराव उकंडाच्या दारात आले. उकंडा ओट्यावर उभा होता, जिंकल्याचं हसू अजून तोंडावर होतं.

बेबीबाई ताट घेऊन बाहेर आली. गडद तपकिरी लुगडं, पदर पार कपाळाखाली. ती बोरढवच्या जुन्या वळणाची बाई, सदाशिवराव तिचे मोठे दीर लागत. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्याशी समोरासमोर एक शब्द बोलली नव्हती. तिनं नंद्याचे पाय धुतले, कुंकू लावलं, पुरणपोळी त्याच्या तोंडापुढं धरली. आणि तशीच उभी राहिली. हलेचना. मग ती बैलाच्या कानाशी वाकून बोलायला लागली.

‘‘नंद्या, तुह्या मालकाले इचार,’’ ती म्हणाली, इतक्या हळू की आधी वाटलं बैलालाच काही सांगतेय. ‘‘मलेबी शेक देल्ले होते गर्भपिशवीच्या कॅन्सरचे. सहा-सात वर्सं झाले. मलेबी तसंच होते आता. दोन वर्सं झाले, रगत जाते. इचार, त्या नळीत बायांले घेतात का?’’

ओट्यावर उकंडाचं हसू जिथल्या तिथं थिजलं. बायको लग्नाकार्याला जात नाही, वावरात येत नाही, सारखी गडद लुगडी नेसते. ‘घुमी झाली ही,’ असं तो दोन वर्षं चारचौघांत सांगत होता. त्याला वाटलं होतं, वयानं झालं असेल.

सदाशिवरावांना तिच्याकडे बघायचं नव्हतं, रीत नव्हती. त्यांनी नंद्याच्या शिंगावरचं बेगड उगाच नीट केलं.

‘‘नंद्या, सांग त्यायले,’’ ते म्हणाले. ‘‘बायांलेबी घेतात. आधी डॉक्टरीणबाई तपासून पाहतीन, मंग सांगतीन घ्या का नको. लय भल्या हायेत. पाणी खूप पेजा म्हणा. लाजू नका म्हणा, लाजण्यात माहे दोन पोळे गेले. अन् अंगावर लुगडं सुतीच लागते.’’

बेबीबाईनं पदराखाली डोळे पुसले. ‘‘सुती नाई म्हणा माह्यापाशी एकबी.’’

‘‘आमच्या घरी अर्धं हाये म्हणा,’’ सदाशिवराव म्हणाले. ‘‘अर्ध्याचा माहा सदरा झाला. जांभळ्या फुलांचं हाये. इंदी शिवून देईन.’’

बेबीबाई रडता रडता हसली. मग उकंडा ओट्यावरून खाली उतरला. हातातला बोजारा द्यायचं विसरला होता तो. जन्मभर सदाभाऊच्या प्रत्येक शब्दाला ज्याच्याकडे उत्तर होतं, त्यानं येऊन नंद्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बायकोकडे न बघता, भावाकडे न बघता, तोही बैलालाच म्हणाला:

‘‘नंद्या, इचार तुह्या मालकाले, नागपूरची पयली एसटी कितीची हाये.’’